पंख्याच्या साखळीची दुसरी चावी

आदरणीय फकिरामामा,

तुम्हाला आणि केसरमामींना तनुजाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी बांधलेलं एरंडाचं पान सोडलं का, की अजून तसंच आहे? शेळीला दोन करडं झाल्याचं कळलं. त्यातलं पांढरं माझं, असं मामींनी दिवाळीत कबूल केलेलं आहे, ते विसरू नये. पत्र शेजारची श्रेया वाचून दाखवत असेल, तर तिला कंस गाळू नको म्हणावं (मागच्या वेळी तिनं गाळले आणि मी दवाखान्यात भरती आहे असा तुमचा समज झाला, मी तिथं फक्त मैत्रिणीला भेटायला गेले होते).

मी खुशाल आहे. नोकरीही, आज दुपारपर्यंत तरी, आहे. तुम्ही मला इथं विमान शिकवणाऱ्या संस्थेत सोडायला आला होतात, तेव्हा विमान ठेवायच्या हँगरच्या दारात उभं राहून विचारलं होतं, "हे कुनी चोरून नेत नाय का?" मी म्हटलं, आधी ते उडवता यायला पाहिजे, मग कुठंतरी उतरवता यायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, "ट्रॅक्टर चोरणाऱ्याकडं कुठं लायसन असतंय?" त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बरं, विमान सांभाळायचं काम माझंच. मोठ्या प्रवासी विमानांना गाडीसारखी चावीच नसते. त्यांचं रक्षण म्हणजे फाटक, कुंपण आणि पहारा. आमच्या दोन आसनी विमानाला चावी असते, पण तेवढ्यावर कुणी विसंबत नाही. चाकांना ठोकळे लावायचे, पंखांना दोर बांधून जमिनीतल्या कड्यांना ताणायचे, आतल्या दांड्याला खीळ घालायची, दाराला कुलूप, आणि शेवटी नाकावरच्या पंख्याला लाल कापडात गुंडाळलेली साखळी (लाल अशासाठी, की चालवणाऱ्यानं ती तशीच ठेवून इंजिन सुरू करू नये). सगळं झालं की मी फाटकापर्यंत जाते आणि परत येऊन साखळी ओढून बघते. फरहानभाई, आमचे मेकॅनिक, म्हणतात, "बाई, तुम्हारे खींचने सेच एक दिन टूटेगी."

साखळीची दुसरी चावी हँगरबाहेर सुरक्षित जागी ठेवावी, असा नियम आहे. आमची संस्था चालवणाऱ्या कॅप्टन साहेबांच्या मनात शहरातलं ऑफिस होतं. मी मात्र विचार केला, की आपल्या गावात कुणी परगावी निघालं तर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची चावी कुणाकडं ठेवतात? तुमच्याकडं. कारण तुम्ही ती मालकाच्या सख्ख्या भावालाही देत नाही. म्हणून मी चावी शेवेच्या डब्यात घालून तुमच्याकडं पाठवली आणि फोनवर बजावलं, की कुणालाही देऊ नका, मी मागितली तरी नको, मी स्वतः दारात आले तरी नको, कारण मला कुणी धमकावून आणलं असेल.

आता पहिल्या चावीचं. ती मी दोऱ्यात ओवून गळ्यात घालते. काल पहाटे आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. मी हौदावर वाकून पाइप सरळ करत होते, आणि दोरा सुटला. फरहानभाईंनी लोहचुंबक सोडून पाहिलं, पण चावी पितळेची. घरमालकीण वच्छलाबाईंना मी हौद उपसू का असं विचारलं. त्या हौदाच्या झाकणावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझं इमान हुभं राहिलं तर राहू दे. माझं पानी जाऊ द्यायची नाय मी. आठ दिसांनी तळ दिसंल, तवा घे तुझी चावी." त्यांच्या जागी मी असते तर मीही बसले असते.

साखळी कापावी, तर फरहानभाई पंख्याजवळ करवत न्यायला तयार नाहीत. पात्याचा टवका उडाला, तर विमान तपासणी होईपर्यंत उडणार नाही. आणि उद्या सकाळी विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक यायचेत. मला कायम करायचं की नाही, हे उद्या ते विमान जागेवरून हलतं का यावर आहे, असं कॅप्टन साहेबांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून सकाळी फरहानभाईंना मोटारसायकलवर तुमच्याकडं पाठवलं. ते परत आले आणि म्हणाले, "क्या मामू है तुम्हारे. भजे खिलाए, छाछ पिलाए, चाबी नै दिए." मग मी फोन केला. तुम्ही म्हणालात, "तूच म्हनली व्हती, मी मागितली तरी देऊ नका. आता तू मागायलीस. मंजी बरुबर तीच येळ आली." तुमचं खरंच होतं. शेवटी तुम्हीच तोड काढलीत, की हातानं लिहिलेलं पत्र आण, पण लांबलचक आण, कारण धमकावलेल्या माणसाचं पत्र आखूड असतं. तेव्हा मामा, मी विमानाच्या सावलीत ठोकळ्यावर बसून, कुणीही जवळ नसताना, निवांत लिहीत आहे. गुडघा आणि करडं ही केवळ पुरावा म्हणून विचारलेली नाहीत (पांढरं करडू तर मुळीच नाही).

तुमची,
तनुजा

ता. क. चावी हे पत्र घेऊन तुमच्यासमोर बसलेल्या फरहानभाईंना द्यावी. भजी आज नकोत. ते दुसऱ्यांदाही बसतील.

ता. क. २. कॅप्टन साहेबांनी पत्र वाचलं. ते म्हणतात, साखळी उघडली की दुसरी चावी परत मामांकडंच ठेवा, इतकी चांगली जागा शहरात नाही. फक्त मामांना म्हणावं, अट जरा सैल करा, तनुजानं फोन केला तर देत जा. तर मामा, अट सैल करावी.

ता. क. ३. साहेब आता आत गेले. वरची शेवटची ओळ ते माझ्या डोक्याशी उभे असताना लिहिली आहे. तिचं काय करायचं, हे तुम्हाला सांगायला नको.