फोन्नीला न थांबता

तेउलादा, ३ सप्टेंबर १९९६

चि. गाविनोस अ. उ. आशीर्वाद.

बाबांची मोटारसायकल वळणावर आधी खोकायची, मग धडधडत हसायची. मी शाळेत कविता म्हणत असलो तरी तो आवाज आला की कडवं अर्ध्यावर सुटायचं. हल्ली तोच आवाज कानात असतो. पुढच्या महिन्यात माझा परवाना संपतो आणि माझे गुडघे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की आजोबा, आता बसने फिरा! तेव्हा शेवटचं एकदा, बाबांच्याच मोटारसायकलवर, आपल्या बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रापासून तुझ्या उत्तरेच्या समुद्रापर्यंत, डोंगरातून, दोन दिवसांत. तू रेल्वेने इकडे ये, साइडकारमध्ये बस. वाटेत मी कविता म्हणेन.

लोभ आहेच, तो घेऊन निघ.
तुझा दादा,
अँतिओको

सांता तेरेसा, ९ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

दोन दिवस? नकाशात रस्ते पाहिलेस, नातलग पाहिलेस का? डोंगरात गावोगाव आपलं कुणीतरी आहे, आणि दारावरून न जेवता जाणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. मागे एका चुलतभावाकडे नुसतं पाणी प्यायला थांबलो, तो आठवड्याने सुटलो. फोन्नीला तर आपली आतेबहीण इत्रियाताई! तिचं डुकराचं पिल्लू भाजून होईस्तोवर तुझा परवाना संपेल.

म्हणून तोड काढली आहे. हेल्मेटच्या काचा खाली ओढायच्या आणि सुसाट सुटायचं. पण ताईच्या बाबतीत मन धजेना. काल फोन करून आधीच माफी मागून ठेवली, की दारावरून जाऊ, पण थांबणार नाही, राग मानू नकोस. तिने खाडकन फोन ठेवला. समजूतदार आहे बिचारी.

हेल्मेटमध्ये कविता ऐकू येत नाहीत, ही देवाचीच कृपा.

लोभ कमी करू नकोस, कविता कमी कर.
तुझा,
गाविनो

तेउलादा, १४ सप्टेंबर

चि. गाविनोस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अरे गाढवा, न जेवता जाणार हे कुणी आधी कळवतं का? गुपचूप गेलो असतो तर ताई फार तर वर्षभर रुसली असती!

आज सकाळी साइडकार पुसत होतो, तोच दार वाजलं. उघडतो तर इत्रियाताई! दोन बसगाड्या बदलून आलेली. काळ्या रुमालावर नातवाचं हेल्मेट, काखेत चीजचा गड्डा. मी घाबरून आत ये म्हणायचंही विसरलो. ती म्हणाली, की असा बघतोस काय मेल्या, फोन्नीच्या घराला कुलूप घालून आलेय, आता खुशाल दारावरून न थांबता जा. आणि उत्तरेचा समुद्र मीही कधी पाहिलेला नाही.

साइडकार तिची झाली. तू माझ्या मागे बस. लवकर ये.

लोभ आता तिघांत पुरवून घ्यावा लागेल.
तुझा दादा,
अँतिओको