पहिल्या हाकेला ओ न दिल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
पायथा पर्यटन सुविधा कक्ष (कर्जत व खालापूर तालुके),
खालापूर, जि. रायगड.

अर्जदार : नवनाथ लडकू ऐनकर, रा. कोंडाणे, ता. कर्जत.

विषय : कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याची टपरीची जागा अर्जदारास न मिळणेबाबत व त्याच्या पत्नीस मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा ऑक्टोबरमधील ईमेल, जो खरा होता व अर्जदाराने खोटा ठरवला.
२) आपल्या कक्षाच्या नावाने त्यानंतर आलेले ईमेल, जे खोटे होते व अर्जदाराने खरे ठरवले.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, हा अर्ज कागदावर लिहून समक्ष देण्यात येत आहे, कारण अर्जदाराच्या ईमेलवर आता कोणीही विश्वास ठेवत नाही. तो का ठेवत नाही, हे खाली ओघाने येईलच.

१. अर्जदाराची पत्नी सौ. सुनंदा ही लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर लिंबू सरबत व काकडी विकते, आणि आधी सांगून ठेवल्यास तांदळाची भाकरी व पिठलेही देते. तिला बसायला हक्काची जागा नाही. गाड्या वाढल्या की कोणीतरी येऊन तिला उठवतो, मग ती टोपली व हंडा उचलून पुढच्या झाडाखाली जाते. आपल्या कक्षाने पायथ्याशी टपऱ्यांसाठी जागा देण्याचे जाहीर केले तेव्हा तिने रीतसर अर्ज केला. अर्जात सर्व काही तिचे होते, फक्त ईमेलचा पत्ता अर्जदाराचा होता. घरात ईमेलचे खाते एकट्या अर्जदाराचे, आणि त्याचा तोराही एकट्या अर्जदाराचाच.

२. त्याच सुमारास ग्रामपंचायतीत फसव्या ईमेलपासून सावध राहण्याचे शिबिर झाले. अर्जदार पहिल्या रांगेत बसला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की ईमेलवर दिसणाऱ्या नावावर जाऊ नये, नावावर बोट दाबून त्यामागचा पत्ता बघावा. टमटमवर 'कर्जत' अशी पाटी असली म्हणून ती कर्जतलाच जाते असे नाही, हे अर्जदाराने बाईंना उदाहरण देऊन सांगितले व शाबासकी घेतली. पुढे बाई म्हणाल्या की कधी कधी तो पत्तासुद्धा सोंग घेतो, अगदी खऱ्यासारखा दिसतो, आणि त्यावर उपाय एकच आहे. तो उपाय सांगितला गेला तेव्हा अर्जदार दुसरा वडापाव घेण्यासाठी बाहेर गेला होता.

३. तरीही प्रमाणपत्र मिळाले. अर्जदाराने देवळासमोरच्या कट्ट्यावर मोफत सल्ला सुरू केला. शेजारचा मंगळ्या याला वीज कंपनीच्या नावाने मीटर कापण्याची धमकी आली होती. अर्जदाराने नावावर बोट दाबले, तर खाली कुठलातरी परदेशी पत्ता निघाला. तेव्हापासून गाव अर्जदारास मास्तर म्हणू लागले, आणि अर्जदाराचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्या भरात त्याने आपल्याच कक्षाकडे टपरीच्या जागेसाठी स्वतःचा वेगळा अर्ज टाकला : 'ईमेल सल्ला व झेरॉक्स केंद्र'. पुढे निवड सुनंदाची झाली. अर्जदार प्रतीक्षायादीत पहिला राहिला, हे त्याला बरेच नंतर कळले. स्वतःच्या अर्जाबद्दल त्याने घरी सांगितले नव्हते.

४. आता मूळ घोटाळा. पत्ताच सोंग घेत असेल तर काय करावे, याचे उत्तर वडापावापायी हुकल्याने अर्जदाराने ते आई श्रीमती भागीबाई यांच्या शिकवणीतून काढले. आई सांगत असे की तिन्हीसांजेनंतर रानाच्या बाजूने कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही देऊ नये. आवाज ओळखीचा असला तरी हाक मारणारा तोच असेल असे नाही. जे माणूस नाही ते तिसरी हाक मारत नाही, म्हणून तिसरीला ओ द्यावी. अर्जदारास वाटले, हे ईमेललाही तंतोतंत लागू आहे. आईने तो नियम रानासाठी सांगितला होता, शासकीय पत्रव्यवहारासाठी नव्हे, एवढे त्याच्या ध्यानात आले नाही.

५. आपला ईमेल आला. त्यात सुनंदाचे अभिनंदन होते व सात दिवसांत संमती कळवावी, अन्यथा जागा प्रतीक्षायादीत जाईल, असे होते. अर्जदाराने बोट दाबले. पत्ता बरोबर निघाला. अभिनंदन आणि घाई ही दोन्ही फसवणुकीची लक्षणे असल्याचे शिबिरात सांगितले होते, त्यात पत्ताही इतका सोज्वळ, तेव्हा हे सोंग अव्वल दर्जाचे असले पाहिजे असा निष्कर्ष त्याने काढला. त्यावर पत्नीने काढलेले उद्गार जसेच्या तसे देत आहे : "आवो, त्या हापिसचा नंबर पायथ्याच्या बोर्डावर लिवलेला हाय. एक फोन करून इचारा की. नायतर मीच जाऊन येते खालापूरला." अर्जदार म्हणाला, "तुला नाय कळायचं गं. तिसरी हाक येऊ दे." पत्नी सांगत होती तोच तो हुकलेला उपाय होता, हे अर्जदारास नंतर कळले. आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा किंवा स्वतः जाऊन विचारावे, एवढाच तो उपाय. सुनंदाला तो शिबिरावाचून ठाऊक होता. अर्जदाराने मात्र ईमेलचा फोटो काढला, त्यावर तांबड्या अक्षरांत 'खोटा' लिहिले आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिला. दुसरी हाक आली नाही. शासन एकदाच हाक मारते.

६. मुदत संपली आणि आपल्या कक्षाच्या नावाने 'स्मरणपत्र' आले, मग 'अंतिम स्मरणपत्र'. अर्जदाराने फिरवलेल्या फोटोत अर्जाचा क्रमांक व त्याचा ईमेल पत्ता स्वच्छ वाचता येत होता, आणि तो फोटो कुठल्या कुठे पोचला होता. भामट्यांना वेगळे कष्ट पडले नाहीत. "बघ, आली तिसरी हाक!" असे अर्जदार घरात ओरडून म्हणाला. या खेपेस त्याने नावावर बोट दाबले नाही. तिसऱ्या हाकेनंतर पत्ता कोण बघतो? लिंक दाबताच समोर आलेल्या पानावर ईमेलचा पासवर्ड मागितला होता. तो पहिल्यांदा चुकला, म्हणून अर्जदाराने दुसऱ्यांदा चष्मा लावून नीट भरला.

७. दुसऱ्या दिवसापासून अर्जदाराच्या खात्यातून सर्व ओळखीच्यांना ईमेल जाऊ लागले की, 'मी माथेरानला घोड्यावरून पडलो आहे, तातडीने मदत पाठवा.' नाव अर्जदाराचे, पत्ताही खरोखर अर्जदाराचाच. गावाने बोटे दाबून पाहिली, सगळे बरोबर निघाले, तरी कोणी फसले नाही. अर्जदार घोड्याच्या जवळून जायलाही भितो, हे लहानथोर सर्वांना माहीत आहे. एकटा मेहुणा कान्हा तेवढा माथेरानला गेला व संध्याकाळपर्यंत घोडेवाल्यांकडे चौकशी करीत फिरला. येताना त्याने चिक्की आणली, पण अर्जदाराच्या घरी दिली नाही.

८. अखेर सुनंदा अर्जदारास न विचारता खालापूरला आली. आपले लिपिक श्री. मालोजी यांनी तिला सर्व खुलासा केला. अर्जदाराचा 'खोटा' लिहिलेला फोटो फिरत फिरत आपल्या कार्यालयातही आला होता. निवड झालेल्या इतर बायका तो पाहून घाबरल्या, खरे-खोटे विचारायला समक्ष आल्या आणि त्यामुळेच त्यांची कामे वेळेत झाली. 'आमचे ईमेल खरे आहेत' अशी सूचना आपल्याला दारावर लावावी लागली, व तिच्याखाली कोणीतरी 'खोटा पण हेच म्हणतो' असे लिहिले. ते अर्जदाराने लिहिलेले नाही. अर्जदाराच्या पत्त्यावरून आलेले काहीही उघडू नये असा आदेश निघाल्याने त्याची माफीची पत्रे तशीच पडून आहेत. आणि सुनंदाची जागा प्रतीक्षायादीतील पहिल्या नावास, म्हणजे अर्जदारासच, मिळणार असून आदेश आपल्या सहीसाठी थांबला आहे. ठरलेल्या धंद्याखेरीज तेथे दुसरे काही विकता येणार नाही, आणि जागा ज्याची त्यानेच चालवायची आहे. म्हणजे पायथ्याशी अर्जदार ईमेल ओळखण्याचा सल्ला देत बसणार, आणि त्याच्या समोरून सुनंदाला कोणीतरी टोपलीसकट उठवणार.

९. त्या दिवशी ती घरी आली ती ओरडली नाही, भांडली नाही. हंडा घासता घासता एवढेच म्हणाली, "फोन करा म्हणून मी किती हाका मारल्या? त्या नाय मोजल्या तुमी." अर्जदारास स्वतःची लाज वाटली, हे येथे स्पष्टपणे नमूद करीत आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. येथे बैल शहाण्याचा नव्हता, बायकोचा होता, याचे वाईट जास्त वाटते.

१०. सबब विनंती की,
(अ) अर्जदाराचा टपरीचा अर्ज रद्द समजावा. तो परत मागितला तरी देऊ नये.
(आ) आपली सही होण्यापूर्वी ती जागा मूळ निवडीप्रमाणे सौ. सुनंदा हिच्या नावे करावी. उशिराचा दोष तिच्याकडे नाही. ती ओ द्यायला तयारच होती, हाक अर्जदाराच्या खात्यात अडकली.
(इ) तिच्या कागदांवरील अर्जदाराचा ईमेल खोडून तेथे तिचा स्वतःचा फोन नंबर लिहावा.

हा अर्ज तरी खरा कशावरून, अशी शंका आपणास येणे योग्यच आहे. खाली नाव आहे, पण नावावर जाऊ नये. गावाचा पत्ता आहे, पण पत्ताही सोंग घेतो. अर्जदार टेबलासमोर उभा आहे, खात्रीसाठी त्याच्यावर बोट दाबून पाहावयाचे असल्यास हरकत नाही. त्याहून सोपा उपाय तो सोबत घेऊन आला आहे, तो शेवटी जोडला आहे.

आपला, शहाणपणातून नुकताच मोकळा झालेला,
(सही) नवनाथ लडकू ऐनकर
खालापूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) सुनंदाच्या मूळ अर्जाची पोच.
२) शिबिराचे प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत नको.
३) सौ. सुनंदा हिचे म्हणणे, तिच्याच अक्षरात, खालीलप्रमाणे :

"वरचं वाचलं. समदं खरं हाय. मी भायेर बाकड्यावर बसलीय. एकदाच हाक मारा."