देवीचं लुगडं खाऱ्या पाण्यात

॥ श्री ॥
बीडीडी चाळ, वरळी
१२ ऑक्टोबर १९८२

सौ. मंजुळा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आईचे गुडघे जरा बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. संप तसाच आहे. दिवाळीपर्यंत मिटेल असं सगळे म्हणतात. गणपतीपर्यंत मिटेल असंही हेच लोक म्हणत होते. तुम्हाला गावी पाठवलं ते बरंच झालं, पण खोली खायला उठते.

आता खरी बातमी. मला सिनेमात स्त्रीपार्ट मिळाला आहे! आमच्या मिलमधला फिटर हर्बर्ट बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, त्याच्या ओळखीने. सिल्वेस्टर म्हणून एक रॉकवाला गायक आहे, केस खांद्यापर्यंत, कॉलेजची पोरं त्याच्यापायी वेडी झालीत. त्याचा सिनेमा निघतोय. सगळा समुद्रकाठी, नुसती गाणी आणि मस्ती. त्यात एका गाण्यात त्याच्याबरोबर कोळीण नाचते. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या बायकांना विचारलं, तर त्यांनी नाचायलाही नकार दिला आणि वाळत घातलेले बोंबील हलवायलाही. तेव्हा हर्बर्ट म्हणाला, माझा एक दोस्त गावच्या जत्रेत दशावतारात देवी होतो, बायका त्याच्या पाया पडतात.

सिनेमावाल्यांनी दाखवलेलं लुगडं म्हणजे गुडघ्याच्या वर चमचमणारी चिंधी. मी म्हटलं, माझं मी आणतो. ट्रंकेतलं देवीचं हिरवं लुगडं काढलं आहे. स्त्रीपार्ट देवळापुढे असो की कॅमेऱ्यापुढे, त्याचा मान एकच.

आईला साष्टांग. तुझा लोभ आहेच, आता थोडा रुबाबही सहन कर.

तुझा,
रामचंद्र

॥ श्री ॥
देऊळवाडी
२० ऑक्टोबर १९८२

वसंताच्या बाबांच्या चरणी मंजुळाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

नवरा माझ्याहून चांगला पदर घेतो हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत कळलं होतं. आता साऱ्या मुंबईला कळेल. तिथल्या नट्यांना जरा भात रांधायलाही शिकवून या.

बातमी पोटात राहिली नाही. विहिरीवर सांगितली ती दुपारपर्यंत देवळात पोचली. बुधाजीकाका देवळाचे मानकरी, पण पोरासारखे खूश झाले. सिनेमा तालुक्याला लागला की सगळ्या वाडीला ट्रकने नेणार म्हणतात. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात.

एक विचारते, रागावू नका. ते लुगडं देवीच्या अंगावरून उतरवून काकांनी तुमच्या हातात दिलेलं. दरवर्षी ते नेसून तुम्ही उभे राहता आणि बायका तुमची ओटी भरतात. ते असल्या कामाला काढावं का? तुम्हाला जास्त कळतं.

जेवणाची आबाळ करू नका. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
मंजुळा

॥ श्री ॥
वरळी
३ नोव्हेंबर १९८२

सौ. मंजुळा हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तू विचारलंस ते बरोबर होतं, पण तुझं पत्र आलं तोवर सगळं उरकलं होतं. मी सकाळी अंघोळ करून गेलो, रंग माझा मी लावला, नेहमीसारखी भुईला हात लावून देवीची आठवण केली. तिथेच सगळे पहिल्यांदा हसले. मला वाटलं, शहरी माणसं, सवय नसेल.

नाच असा नव्हताच. मी टोपली घेऊन यायचं, त्या सिल्वेस्टरने गिटार वाजवत मला गिरकी द्यायची, मग पोरापोरींनी टोपलीतली मासळी माझ्या डोक्यावर ओतायची आणि मला लाटेत ढकलायचं. उठून कमरेला झटके द्यायचे. पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं. दिग्दर्शक ओरडत होता, पदर सोड म्हणून. पदर मी सोडला नाही. पण झटके दिले, मंजुळा. नाही कसं म्हणू?

गायक पोरगा वाईट नाही. मला हात देऊन उठवलं आणि सॉरी आंटी म्हणाला. शेवटपर्यंत त्याला मी बाईच वाटलो. एवढीच काय ती माझ्या कलेची कदर. मच्छीमार नगरातल्या एका म्हातारीने अंग धुवायला गोडं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिला माझी लाज वाटली असणार.

त्याच दिवशी मिलच्या गेटवर लाठी चालली. आमच्या खात्यातल्या कुशाबाचा हात मोडला. मी त्याला बघायला गेलो तेव्हा माझ्या कानामागे लाल रंग राहिला होता. त्याने तो बघितला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

लुगड्याचा हिरवा रंग जागोजाग उतरला आहे. काठावर मिठाचे पांढरे डाग आहेत, धुऊन जात नाहीत. वाडीत सांग की माझं काम कापलं. हर्बर्ट म्हणतो कापतीलही. कापलं तर देवीला नारळ देईन.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

रामचंद्र

॥ श्री ॥
देऊळवाडी
१६ नोव्हेंबर १९८३

वसंताच्या बाबांना साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला अजून मिलमध्ये परत घेतलं नाही, त्यात हे लिहायला हात धजत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते.

तुमचा सिनेमा आला. काम कापलं असं मी वर्षभर सांगत होते, तरी काकांनी ट्रक केलाच. गाणी तरी ऐकू म्हणाले. गाणं सुरू झालं आणि टोपली घेऊन तुम्ही आलात. सगळं टॉकीज हसत होतं. खोटं सांगत नाही, मासळी डोक्यावर पडली तेव्हा मीही हसले. मग तुम्ही पाण्यात पडलात आणि पदर घट्ट धरलात, तेव्हा मी हसायची थांबले.

आई शेजारी होत्या. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणतो आपण. त्या मोठ्याने म्हणाल्या, गो, ह्यां तर देवीचां लुगडां, ह्यो आमचो रामा. पुढच्या बायका वळल्या. मी आईंचा हात दाबला आणि म्हटलं, गप बसा, ती दुसरीच कुणी बाई आहे. बाहेर आल्यावर काकांनीही विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं, आमचं लुगडं मुंबईला ट्रंकेत आहे म्हटलं. पदराने तोंड झाकून ट्रकमध्ये बसले.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, मी पोटच्या पोराला ओळखलं, तू नवऱ्याला ओळखलं नाहीस. तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेतात, पण बोलत नाहीत.

तुम्ही पाण्यात पडलात त्याची मला आता लाज वाटत नाही. माझीच वाटते.

मंजुळा

॥ श्री ॥
वरळी
२४ नोव्हेंबर १९८३

सौ. मंजुळा हिस आशीर्वाद. वि. वि.

तू केलंस त्यात तुझी चूक नाही. मी तिथे असतो तर मीही मला ओळखलं नसतं.

जत्रेला मी येत नाही. गेल्या वर्षी संपाचं निमित्त होतं, यंदा काकांना सांग, पाय मुरगळला. देवीच्या पार्टाला दुसरा कुणी बघा, खालच्या वाडीतल्या रघूचा चेहरा चांगला आहे. ते डागाळलेलं लुगडं नेसून कोणत्या तोंडाने ओटी घेऊ? इथे मिलच्या माणसांशी बोलायची पंचाईत, तिथे देवळात उभं राहायची. आईला सांभाळ.

रामचंद्र

॥ श्री ॥
देऊळवाडी
५ डिसेंबर १९८३

वसंताच्या बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाय मुरगळल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. एक खोटं पुरे झालं.

काल देवळात पंचमंडळी बसली होती, तिथे गेले. सगळ्यांसमोर सांगितलं की सिनेमातली बाई माझा नवरा होता, लुगडं देवीचं होतं आणि मी खोटं बोलले. कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. मग काका म्हणाले, ह्याचा निवाडा आपण कोण करणार, देवीचा कौल घेऊ.

देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवल्या. रामाने उभं राहावं असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी, असं गाऱ्हाणं घातलं. आई खांबाला धरून उभ्या होत्या. मला बघवेना, मी भुईकडे बघत होते. उजवी पडली हे मला आईंच्या रडण्यावरून कळलं.

काकांनी निरोप दिला आहे. लुगडं तेच आणायचं, डागांसकट. नवं चालणार नाही.

आजवर तुमची ओटी भरायला मी कधी पुढे आले नाही. आपल्याच घोवाची ओटी भरते म्हणून बायका हसतील, म्हणून खांबामागे उभी राहायची. या वर्षी पहिली ओटी मी भरणार आहे. हसू देत. नारळ आणि खण आईंनी आजच काढून ठेवले आणि म्हणाल्या, पदर नीट खोच हो, त्याच्यासारखा.

वाट बघते. लोभ मागत नाही, तुम्हीच या.

तुमची,
मंजुळा