तोच की सारखा

बुधवार, दुपार

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात आमच्या शाळेतली छडी वाजते आहे. घाबरू नकोस, पाठीवर ती कधी पडली नाही. कविता शिकवताना मास्तर तिने टेबलावर ठेका धरायचे, टक् टक् टक्, आणि आम्ही पोरं डोलत ओळी म्हणायचो. एकदा एकाने कवितेतले शब्द सुटे करून, अर्थासकट, एकाखाली एक लिहून आणले. मास्तर म्हणाले, शब्द सगळे आहेत रे, कविता कुठे गेली?

माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. निवृत्त माणसाला कचेरीने परत का बोलावलं आणि या वयात मी तिथे करतो तरी काय, असं तू विचारलं होतंस. सांगतो.

बेपत्ता माणसांच्या त्या कचेरीत माहिती ठेवायची पद्धत जरा निराळी आहे. इतरत्र कोष्टकं असतात. नावं एका कोष्टकात, कपडे दुसऱ्यात, खुणा तिसऱ्यात, आणि कोणाचं काय ते क्रमांकांवरून जुळवायचं. आमच्याकडे माणूस अख्खा ठेवतात. त्याला आम्ही ‘वस्तू’ म्हणतो. शब्द कोरडा आहे, इलाज नाही. माणसाच्या आत त्याचा शर्ट, शर्टाच्या आत बटणं, बटणात दोरा. आणि नोंद जन्मली की यंत्र तिला तिची स्वतःची एक ओळख देतं. नाव नसलं तरी चालतं. पुढे बाकी सगळं बदललं तरी ती ओळख बदलत नाही. पुरानंतर जे सापडले त्यांतल्या कितीकांना नाव नव्हतं. म्हणून तर ही पद्धत घेतली होती.

आता हे सारं कोष्टकांत हलवायचं ठरलंय, आणि जुन्या नोंदींना प्रश्न विचारायची भाषा माझ्याशिवाय कुणाला येत नाही. शिकायला एक बाई दिल्यात. पन्नाशीच्या, बँकेत आयुष्य काढलेल्या, तोंडाने फटकळ. मी त्यांना कोष्टकबाई म्हणतो, त्या मला कविराज. भाषा तशी सोपी आहे. कोष्टकांत याला त्याच्याशी जोडा, त्याला आणखी कशाशी जोडा, असं करत बसावं लागतं. इथे वाटेने चालत जायचं : माणूस, टिंब, शर्ट, टिंब, बटण, टिंब, रंग. बाई म्हणाल्या, हे म्हणजे लोकांच्या घरात शिरून, कपाट उघडून चोरकप्प्यात हात घालणं झालं. मला ते आवडलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या गळी उतरेना. या भाषेत दोन नोंदींची तुलना दोन तऱ्हांनी करता येते. ही नोंद तीच आहे का, हा एक प्रश्न. ही तिच्यासारखी आहे का, हा वेगळा. ‘सारखी का’ हा प्रश्न थेट तळापर्यंत नेता येतो, दोऱ्याच्या रंगापर्यंत. ‘तीच का’ म्हटलं की यंत्र फक्त त्याने दिलेली ओळख पाहतं. एकाच माणसाच्या नोंदी दोन कारकुनांनी केल्या असतील, तर उत्तर कायम ‘नाही’.

सूनबाई, सापडलेल्यांत तो आहे का, याला कचेरीने तुला ‘नाही’ कळवलं ते ‘तोच का’ असं विचारून. मी तेव्हा तिथे नव्हतो. तुझ्या अर्जाची नोंद इथे झाली, सापडलेल्यांच्या नोंदी नदीकाठच्या छावणीत. त्या दोन कधी एक निघणारच नव्हत्या. आणि त्या ‘नाही’वर तू जगते आहेस. तो परतला तर त्याला दाराला कुलूप दिसू नये म्हणून बढतीची बदली नाकारलीस. ‘आता पुरे’ म्हणाला म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंस. मीसुद्धा त्याच ‘नाही’वर जगत होतो.

बघ, अजून मी कडेकडेनेच चाललोय.

परवा बाईंना उदाहरण हवं होतं. म्हटलं, अर्जातला एक शर्ट घेऊ आणि सापडलेल्या सगळ्या शर्टांशी तळापर्यंत ताडून पाहू. शर्ट मी आपल्या पोराचा घेतला, तो मला पाठ होता म्हणून. निळा, खिशाखालचं बटण तुझ्या कोटाचं, हिरव्या दोऱ्याने लावलेलं. पुराच्या दिवशी तो धरणावर पाणी मोजायला निघताना तू ते घाईघाईने टाचलंस, मी चहा घेत बघत होतो. वाटलं, उत्तर रिकामं येईल; रिकामं उत्तर कसं दिसतं तेही बाईंना कळेल.

एक ओळ आली.

“जुळलं की हो, कविराज,” म्हणून बाई हसल्या. मग त्यांनी अर्जदाराचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पुढची वाट मी एकटाच चाललो. माणूस, टिंब, भुवई, टिंब, व्रण. माणूस, टिंब, पुरलेली जागा. काल तिथे जाऊन आलो. पाटीवर आकडा आहे. गवत फार वाढलंय, माझ्या हातांनी निघालं नाही.

जुळणी झाली की अर्जदाराला टपालाने निरोप जातो, आपोआप. बाई थांबवायला धावल्या, तोवर तो गेला होता. मजकूर सगळ्यांना एकच : आपण शोधत असलेली व्यक्ती सापडली आहे. जिवंत की कसं, ते त्यात नाही. फोन उचलला होता, पण तुझा आवाज ऐकून मला बोलता आलं नसतं. शेजारचा ड्रायव्हर संध्याकाळी तुझ्या गावाकडे निघतोय, पत्र त्याच्या हाती देतो. टपालाच्या आधी पोचेल, एवढीच

खाली गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर तू. टपालच आधी पोचलं. एका हातात तुझी पिशवी, दुसऱ्या हातात त्याची बॅग. त्याचे कपडे आणले असशील. वर बघून हसलीस.

आता जिन्यात आहेस. दारावर हलकेच थाप, आवाजही दबका : “बाबा, झोपलेत का ते?”

दार उघडायला उठतो आहे.

तुझाही,
बाबा