जयाला बघायला आलेली माणसं

सोमवार, माघ शुद्ध नवमी, १९४९

सगळ्यांत आधी भागूबाई! पाहुण्यांची बैलगाडी अजून वडाखाली होती, तर ही परसदारानं आत. "काकी, तुमच्या जयाला बघाया आल्यात गं. कर्जतची माणसं हायत." हिला कोणी सांगितलं, देव जाणे. म्हैस आटल्यापासून शेजारणीला दुसरा उद्योग नाही.

एक बाई आणि एक मास्तर. बाईनं दारातच विचारलं, "घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे ना?" मग आणखी काय कळायचं राहिलं? सून बायजानं पोहे भिजवले. मी नातीला माझं हिरवं लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर दिला, पाटावर बसवली. बाईनं नेहमीचंच विचारलं — नाव काय, किती शिकलीस, टाका घालता येतो का. हातसुद्धा बघितले. जया खाली मान घालून नीट बोलली. चौथी झाली आहे तिची. माझीही थोडी तिच्याबरोबरच झाली — ती पाटीवर गिरवायची, मी चुलीपुढं राखेत.

माणसं खूश दिसत होती. माझा जीव सुपाएवढा. पोहे झाल्यावर माझा लेक मालोजी खाकरला. "आन् पोरगा काय करतो?"

मास्तर म्हणाले, "कुठला मुलगा?"

खिडकीबाहेर भागूबाई फिसकन हसली.

मग बाईनं सगळं सांगितलं. कर्जतला त्यांच्या संस्थेनं शिवणाचा वर्ग काढलाय. गावोगावच्या पोरींनी सहा महिने तिथंच राहायचं, मशीनवर शिकायचं. खाणं-राहणं संस्थेचं. पुढं काम पण संस्थाच बघून देणार. मालोजी "बघू" म्हणाला. गाडी वळल्यावर जयाला म्हणाला, "ऊठ पाटावरनं."

मंगळवार

मालोजी नाय म्हणतो. "लग्नाची पोर सहा महिने परमुलखात राहिली, तर उद्या तिला करंल कोण?"

मी म्हटलं, "कर्जत रं कसला परमुलूख? तू गुरांच्या बाजाराला जातोस ना तिथं."

"मी पोरगी हाय का, आये?"

बायजानं त्याच्या पानात भात जरा आदळूनच वाढला.

जया लुगड्याची घडी घालत होती. हळूच म्हणाली, "आजी, पाटावर बसले तवा मला वाटलं, दिली मला कुठं तरी. मग बाई मशीनचं बोलली... मला जायाचं हाय गं." ही पोर कधी सणाला बांगड्या मागत नाही.

बुधवार

एकादशी. भगर जरा लागली.

गुरुवार

बाई परत आल्या — एकट्या, पायी, नेरळपासून. मी आधी पाणी दिलं, मग गूळ. सात गावं फिरल्या. सगळीकडचे बाप मालोजीसारखेच. पोरींजवळ राहायला गावाकडचं कोणी वडीलधारं माणूस असतं तर पोर धाडली असती म्हणतात. पाच पोरी तेवढ्यासाठी अडल्यात.

मालोजी ओट्यावर दोर वळत होता. वर न बघता म्हणाला, "मंग तशी एक म्हातारी हुडका. जिच्यापुढं माझी पण बोलायची टाप नसंल, अशी."

त्याला वाटलं, झालं, तोंड बंद केलं बाईचं. पण बायजा माझ्याकडं बघायला लागली. मग जया. मग बाई पण. शेवटी मालोजीचा दोर थांबला.

"आये, तू काय येडी हायस का?"

मी म्हटलं, "बोललास ना? आता बोलायची टाप नाय तुझी."

शनिवार

दोन बोचकी बांधली, जयाचं एक, माझं एक. कोठीची किल्ली बायजाच्या हातात दिली. बाई बुधवारी गाडी घेऊन येते म्हणाल्यात.