एकेचाळीस वेळा

प्रिय रूमेनाताई,

तुझ्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेलो. फाटकावर कुणीतरी डांबराने ‘खुनी’ लिहिलंय, ते वाचून पाय पुढे पडेना. म्हणून पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

धरणाच्या कचेरीत मी नवा लागलो तेव्हा पाणी बघायला तूच शिकवलंस. “संगणकात काय तोंड खुपसून बसलायस गाढवा, खिडकीतून बघ!” म्हणायचीस आणि डब्यातली भाजलेली मिरची माझ्यापुढे सरकवायचीस. आणि तुझंच संगणकातलं खातं मी जखडून टाकलं. वसंतात तू दोनदा पुराचा भोंगा वाजवलास, पूर आला नाही, नगराध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाची पंगत तेवढी उधळली. मग व्हल्चेवसाहेबांचा हुकूम आला : रूमेनाला पाण्याची पातळी दिसू दे, भोंग्याचं बटण मात्र तिच्या खात्यातून चालता कामा नये. वाजवायचाच झाला तर तिने रांगेलला, म्हणजे मला, फोन करावा, तो तासाभरापुरतं खातं मोकळं करील. माझं काम अर्ध्या मिनिटाचं. तू म्हणालीस, “म्हणजे आता शिंकायलाही तुझी परवानगी?” मीही हसलो. आता लाज वाटते.

आठ नोव्हेंबरला माझ्या नावाचा सण. तुला ठाऊकच आहे, त्या दिवशी न बोलावता सगळे येतात आणि ज्याचं नाव त्याने पाहुण्यांना सोडून उठायचं नसतं. खाली गावातल्या कचेरीत टेबलं जोडली होती, आईने घरी भाजलेला चीजचा बानित्सा पाठवला होता, साहेब माझ्या शेजारीच. दोनला पाच मिनिटं असताना तुझा फोन आला. पाणी चढतंय, खातं मोकळं कर. मी म्हणालो, “ताई, आजच्या दिवशी तरी!” साहेब म्हणाले, “बस रे, तिला दर पावसात पूर दिसतो,” आणि त्यांनी माझा पेला भरला. तुझ्या दुसऱ्या फोनला “आलोच” म्हटलं. खरंच उठलो होतो गं. पण साहेबांनी पेला उंचावून माझ्या आईबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मी पुन्हा बसलो. तिसरा फोन आलाच नाही. तोवर तू नदीकाठच्या गल्लीत दारं बडवत धावत होतीस. पाच घरं बाहेर पडली. सहाव्यात गेन्कोआजोबा आणि अंथरुणाला खिळलेली त्सोनाआजी, ती दोघं पुरात गेली. मी खातं मोकळं केलं तेव्हा पावणेतीन झाले होते, आणि भोंगा ज्या एकाच जागेवरून वाजतो त्या धरणावरच्या खोलीत बटण दाबायला कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं. “दोनलाच मोकळं केलं असं लिही. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, माझ्याही.” नोंदींमध्ये माझ्या खात्याला कसलंच बंधन नाही, मी काहीही लिहू शकतो. लिहिलं. म्हणून गाव म्हणतं, हातात बटण असून रूमेना पळाली. दफनाच्या दिवशी लोकांनी तुला दफनभूमीच्या फाटकातूनच परत पाठवलं तेव्हा मी त्या गर्दीत होतो. तोंड उघडलं नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय!

काल पुन्हा हुकूम आला : सोमवारी सोफियाहून चौकशीला तज्ज्ञ येतायत, त्याआधी रूमेनाचं खातं पुसून टाक. पुसायला म्हणून उघडलं. खात्याला जे करू दिलं नाही तेही यंत्र टिपून ठेवतं, हे साहेबांना ठाऊक नाही, आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो. त्या दिवशी तू भोंग्याचं बटण एकेचाळीस वेळा दाबलंस. पहिल्यांदा दोनला सात कमी असताना, शेवटी दोन वाजून एकोणीस मिनिटांनी. चालणार नाही हे माहीत असूनसुद्धा. त्या एकेचाळीस ओळी सोबत जोडल्यात, आणि मी खोटी वेळ लिहिली ती नोंदही. प्रत्येक कागदावर माझी सही आहे. हे वकिलाला दे. दुसरी प्रत घेऊन मी आता पोलिसात चाललोय, तिथून लवकर सुटेन असं वाटत नाही. पत्र तुझ्या दारात सरकवून, जाण्याआधी फाटकावरचं डांबर खरवडून काढीन. आवाज आला तर बाहेर येऊ नकोस, तेवढं मला करू दे.

तुझाच,
रांगेल