ओठ चुरचुरला तेव्हा

चिखली,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. काजल,

तुला आणि तान्ह्या भार्गवीला अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल. शेवगा फुलांनी भरलाय. तू माहेरी गेल्यापासून सोहम रोज डबा विसरतो. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतेय. पाकीट मुद्दाम चिकटवलंय.

आधी एक गंमत ऐक. आमच्याकडे म्हणतात, ओठ खाजला की गोड खायला मिळतं. बारशाच्या आदल्या दिवशी माझा ओठ चुरचुरायला लागला आणि मी खूश! तुझ्या माहेरची, वरवट बकालची पुरणपोळी बोलावतेय म्हणून सोहमला चिडवलंसुद्धा. सकाळी तुमच्या दारात उतरले तेव्हा ओठावर पुटकुळ्यांचा घोस.

चारचौघींत तोंडावरच्या फोडांचं काय सांगायचं? लाज वाटली. पदर तोंडाला लावून दारापाशीच बसले. निघताना तुझ्या आईचं बोलणं कानावर पडलं, "पोरगी झाली म्हणून इहीनबाईनं मांडीवर बी नाई घेतलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अर्पिताकडे गेले. ती म्हणाली, "काकू, उशीर केलात. गोळीची खरी वेळ चुरचुरण्याची. फोड आल्यावर तिचा उपयोग कमी." मला नवलच वाटलं. दिसत काही नाही, मग गोळी अडवते कुणाला? म्हणे, कधीकाळी शिरलेला विषाणू नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ऊन, ताप, जागरण झालं की उठतो आणि ओठाकडे निघतो. चुरचुरलं की तो आलाच समजायचं. इतकी वर्षं माझ्या गालात कुणीतरी बिऱ्हाड करून आहे आणि मी त्याला पुरणपोळीचा शकुन समजत होते!

"मग गोळी घेतली की नातीचा पापा घेऊ ना?" मी विचारलं. ती एकदम गंभीर झाली. "अजिबात नाही. खपली पडून कातडी नीट होईस्तोवर नाही. हे तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं."

लाजेपोटी लांब बसले होते गं, पण तेच बरं झालं. मला तर मुलगीच हवी होती. सोहमच्या वेळीही हवी होती, पण हे त्याला सांगू नकोस.

रविवारी यायचं ठरवलंय. आणि आज पोळ्या लाटताना ओठ पुन्हा चुरचुरला! या वेळी शकुन बघत बसले नाही. लाटणं टाकलं, हात धुतले, अर्पिताने लिहून दिलेली गोळी घेतली. आता आरसा पुढ्यात ठेवून लिहितेय. अजून तरी काही नाही. फोड येतो की मागे फिरतो, मलाच उत्सुकता लागलीय. पण नाही आला तरी अर्पिता हो म्हणेपर्यंत मी बाळाजवळ जायची नाही.

तरी रविवारी येतेच. पुन्हा दारापाशी बसेन. का बसलेय ते तुझ्या आईला तू सांग, मी सांगायला गेले तर रडू येईल. भार्गवीला तेवढी उजेडात धर, म्हणजे मला लांबून नीट दिसेल.

पहिला पापा राखून ठेवलेली,
तुझी सासू
स्नेहलता